मागच्या दोन पायांवरची घोडी

लुशस गेदरला कशाची किळस येणं ही साधी गोष्ट नव्हती. माणूस एक्काहत्तर वर्षांचा, आणि त्यातली चौपन्न वर्षं घोड्यांच्या संगतीत गेलेली. लीद तो हातानं उचलायचा. भर उन्हाळ्यात गाडीच्या तळाशी एखादं टरबूज नासून फुटलं की बाकीचे नाकाला रुमाल लावून लांब पळत. हा कोपरापर्यंत हात घालून तो लगदा बाहेर काढायचा, हात पँटला पुसायचा आणि त्याच हातानं तळलेल्या माशाचं सँडविच खायला बसायचा. तबेल्यातल्या घुशींना त्यानं चर्चमधल्या बायकांची नावं दिली होती.

त्याला खरीखुरी किळस आली ती एका रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, एका स्वच्छ, थंडगार, आरशासारख्या फरशीच्या दालनात. समोर भिंतीवर त्याचंच चित्र होतं.

बाल्टिमोरच्या पश्चिमेला, विटांच्या घरांच्या ओळींमागे एका बोळात त्याचा तबेला. त्याचा एकट्याचा नव्हे. तो, रूबेन टॉलिव्हर आणि आणखी दोघे जण, मिळून सात घोडे. लुशसची घोडी मोलॅसिस. मोलॅसिस म्हणजे काकवी. रंगही तसाच आणि चालही तशीच, दाट आणि सावकाश. सकाळी पिवळ्या गाडीत पीच, टोमॅटो, भेंडी, कणसं रचायची, घोडीच्या साजाची घुंगरं पुसायची आणि वस्तीत निघायचं. लुशस कधी गाडीवर बसायचा नाही. घोडीच्या डोक्याशेजारून चालत तो हाळी द्यायचा, "पीच आले, पीच! नवऱ्याला दाखवू नका, तुम्हाला उरणार नाहीत!" आणि मिस अर्नस्टीनच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या आल्या की मोलॅसिस आपणहून थांबायची. लगाम असायचा, पण तो लुशसच्या खांद्यावर सैल पडलेला. कामात लागायचा तो फक्त त्याचा आवाज.

या तबेल्याचा एक जुना नियम होता. ज्यानं लगाम हिसकून घोड्याचं तोंड ओढलं, त्यानं घोड्याच्या तोंडातलं लगामाचं लोखंड स्वतःच्या तोंडात धरून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. लुशस सतराव्या वर्षी चालला होता. बसच्या भोंग्याला घाबरून एक तट्टू बिचकलं आणि त्यानं घाईत हिसका दिला, एवढंच. तबेल्याचा तेव्हाचा मालक, अंकल सायलस, पुढे आला. त्यानं साज उतरवला आणि लाळेनं ओलं झालेलं ते लोखंड पोराच्या दातांत दिलं. गंज, गवत आणि रक्त यांची मिळून एक चव असते. ती लुशसच्या जिभेवरून पुढे कधीच गेली नाही. बोळ संपल्यावर सायलस म्हणाला होता, "गुलामीच्या काळात मालक आपल्या माणसांच्या तोंडात लोखंड घालायचे, माझ्या आजीनं ते डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या कुणी घोड्याला हिसका दिला तर ते अडाणी म्हणून सोडून देऊ. आपल्याला ती सवलत नाही."

त्यानंतर लुशसनं कुठल्याही जनावराचं तोंड ओढलं नाही. त्याच्यापाशी मिरवण्यासारखं काही असेल तर ते एवढंच होतं.

मागच्या वसंतात डेल्फीन ब्रॉडनॅक्स तबेल्यात आली. ती याच वस्तीतली. तिची आजी लुशसच्या गाडीवरून भेंडी घ्यायची. आता डेल्फीनचं नाव मोठं झालं होतं. युरोपातल्या जुन्या राजे-सरदारांची चित्रं घ्यायची आणि त्यांच्या जागी वस्तीतली काळी माणसं उभी करायची, ही तिची कला. न्हावी, नर्स, बस चालवणारी बाई. कपडे त्यांचे रोजचे, बूटही रोजचे, पण उभं राहणं राजाचं आणि मागे मखमली पडदा. ज्यांना शाळेच्या फोटोतही मागच्या रांगेत ढकललं गेलं, ती माणसं तिच्या चित्रात आठ-आठ फूट उंच व्हायची. लोक चित्रासमोर उभे राहून रडायचे म्हणे.

"मिस्टर लुशस, ओळखलंत का?" तिनं दारातूनच विचारलं.

"ब्रॉडनॅक्सबाईंची नात. तुला प्लम द्यायचो मी. आठळीसकट गिळायचीस."

"आणि आता माणसं गिळते," आतून रूबेन म्हणाला. "पेपरात आलंय."

डेल्फीन हसली. तिची कामाची एक रीत होती. जुन्या चित्रांचं जाडजूड पुस्तक समोर ठेवायचं आणि माणसालाच विचारायचं, कोण व्हायचंय ते बोट ठेवून सांगा. तिनं पुस्तक पालथ्या खोक्यावर उघडलं. लुशसनं अंगठा जिभेला लावून एकेक पान उलटलं.

"हा आजारी वाटतो. हा झोपेतून उठलाय. याला मोजे कुणी घातले, बायकोनं?"

"राजा आहे तो, मिस्टर लुशस."

"असेल. आमच्याकडे पीचसुद्धा इतका पिवळा झाला तर आम्ही बाजूला काढतो."

मग एका पानावर तो थांबला. एक करडा घोडा, चारी पाय जमिनीवर, अंग तुकतुकीत. शेजारी एक माणूस उभा, त्याचा हात घोड्याच्या हनुवटीखाली. लुशसनं त्याच्यावर बोट ठेवलं. "हा."

डेल्फीनचा चेहरा उतरला. "हा राजा नाही. राजा तिकडे, झाडाखाली. हा त्याचा मोतद्दार आहे. नोकर."

"असेना का. त्याचा हात बघ. बोटं उघडी आहेत. घोडा कुणाकडे बघतोय? राजाकडे नाही."

"मिस्टर लुशस, वीस वर्षं मी आपल्या माणसांना त्या कोपऱ्यातून बाहेर काढतेय. ट्रे धरणारे, छत्री धरणारे, घोडा धरणारे. आणि तुम्ही आपल्या पायांनी परत तिथे जाऊन उभे राहणार? मी नाही काढणार तसं. तुम्ही घोड्यावर बसणार."

"मी घोड्यावर बसत नाही, पोरी. मी बाजूनं चालतो."

"चित्रात बसा."

"बस रे," रूबेन म्हणाला. "तुझ्या ढुंगणाला या जन्मी म्युझियम दिसण्याची दुसरी काही सोय नाही."

लुशस कबूल झाला. खोटं कशाला बोला, त्याला आतून बरंही वाटलं होतं. त्या आठवड्यात त्यानं दोनदा दाढी केली.

डेल्फीनच्या स्टुडिओत घोडी नव्हती. एक लाकडी घोडा होता, त्यावर गादी. लुशस आपल्या तपकिरी कोटात त्यावर बसला. चामड्याचा एक पट्टा खिडकीखाली खोली तापवायला बसवलेल्या रेडिएटरला बांधून तिनं त्याच्या हातात दिला. "ओढा," ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. "आणखी. छाती पुढे. तुम्ही कुणाच्या बापाला भीत नाही. ओढा!" लुशसनं ओढलं. पलीकडे लोखंडी रेडिएटर. त्याला काय व्हायचंय? मनगटाच्या शिरा फुगल्या आणि डेल्फीन म्हणाली, "हां, अस्सं." मोलॅसिसचे फोटो तिनं वेगळे, तबेल्यात येऊन काढले. चित्र पुरं होईपर्यंत ते कुणाला दाखवायचं नाही, हीही तिची रीत होती.

म्हणून त्या रविवारी लुशसनं ते पहिल्यांदाच पाहिलं, शंभर माणसांबरोबर. हातात कागदी रुमालात चीजचा तुकडा होता आणि शेजारी रूबेन चर्चच्या टाय-कोटात घामाघूम.

चित्र भिंतभर होतं. मागे लाल पडदा, त्यावर सोनेरी पीच आणि भेंडीची फुलं विणलेली. वर लुशस, तपकिरी कोटात, मान ताठ. चेहरा इतका हुबेहूब की डाव्या भुवईवरचा व्रणही सुटला नव्हता. आणि त्याच्या खाली मोलॅसिस, मागच्या दोन पायांवर. पुढचे पाय हवेत. जबडा वासलेला. तोंडात लांब दांड्यांचं, तिनं आयुष्यात कधी न पाहिलेलं लोखंड, आणि ते घट्ट मागे ओढणारी लुशसची मूठ. ओठांचे कोपरे मागे ताणलेले, जीभ निळसर, डोळ्याचं पांढरं दिसतंय. फेससुद्धा होता. फेस फार मन लावून काढला होता, बुडबुडा न् बुडबुडा.

"काय रुबाब आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या सुरू झाल्या.

लुशसच्या तोंडात चव आली. गंज, गवत, रक्त. त्यानं चीज रुमालात थुंकलं.  रूबेननं टाळीसाठी उचललेले हात खिशात घातले.

डेल्फीन गर्दीतून आली, डोळे भरलेले. "कसं वाटलं?"

"तिच्या तोंडात काय घातलंस हे?"

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? इथे दुसरं कोण आहे? माझा सांगाडा टांगलाय वर, तो सोड. मोलॅसिसच्या तोंडात काय आहे?"

"ते जुन्या चित्रातलं आहे, मिस्टर लुशस. घोडा असा उभा करणं म्हणजे सत्ता. राजाचा ताबा. सगळे राजे असेच—"

"मग सगळे राजे हलकट होते," लुशस म्हणाला. तो रुमाल त्यानं तिच्या हातात ठेवला, कारण तिथे कुठे केराची टोपली दिसत नव्हती, आणि तो बाहेर पडला.

घरी त्यानं तीनदा दात घासले. डेल्फीनचा राग वेगळा, राग उतरतो. पण आरशात मूठ दिसली की त्याला आपलाच विटाळ वाटायचा. तिनं ओढा म्हटलं आणि आपण ओढलं. मनगटाच्या त्या शिरा काही तिनं मनानं काढलेल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात ते चित्र प्रदर्शनाची जाहिरात म्हणून बसथांब्यांवर लागलं. लुशसच्या वाटेवर असे सात थांबे होते. मिस अर्नस्टीन पायऱ्यांवर हात कमरेवर ठेवून उभी होती.

"काय हो राजेसाहेब, आज घोडीला चार पायांवर चालवताय? दोन पाय वाचवून ठेवलेत की काय?"

"अर्नस्टीन, भेंडी घ्यायची तर घे."

"घेते. पण तीस वर्षं मी लोकांना सांगते, गेदर जनावराला फुलासारखं जपतो. आता त्या थांब्यावर उभं राहून काय सांगू?" तिनं भेंडी मोडून बघितली, चांगली होती तरी दोनच मुठी घेतली, आणि मोलॅसिसच्या तोंडाकडे वाकून बघितलं. ते बघणं लुशसला सगळ्यात लागलं.

मग पालिकेचं पत्र आलं. प्राणिप्रेमींच्या एका मंडळानं तक्रार केली होती: बोळातल्या तबेल्यात घोड्यांचे हाल होतात, परवाना रद्द करावा, आणि पहिल्यांदा ती तपकिरी घोडी ताब्यात घ्यावी. तक्रारीला पुरावा म्हणून एकच कागद जोडला होता. पोस्टर.

रूबेननं डेल्फीनला फोन केला. लुशस म्हणाला, "तिला बोलावू नकोस. ती आली तर आणखी चार पायऱ्या वर चढवेल मला." पण सुनावणीच्या दिवशी ती आली, मागच्या बाकावर बसली.

खोली लहान, पंखा बिघडलेला. अध्यक्ष म्हणून एक उंच, दमलेल्या बाई होत्या. मंडळातर्फे मिस हार्कनेस नावाच्या नीटनेटक्या बाई बोलल्या. त्यांनी पोस्टर तिकाटण्यावर लावलं. "हे आम्ही काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "यांनीच हौसेनं काढून घेतलंय. ज्याचा अभिमान वाटतो तेच माणूस भिंतीवर लावतो."

 लुशसलाही ते पटलं, हेच वाईट.

डेल्फीन उभी राहिली. पहिली पाच मिनिटं ती सत्ता, इतिहास, प्रतीक, असं बरंच बोलली. वाक्यं सुरेख होती. लुशस आपल्या बुटांकडे बघत होता. अध्यक्षबाईंनी कागदानं वारा घेत विचारलं, "म्हणजे ही घोडी अशी उभी राहिली होती की नाही?"

डेल्फीन थांबली. दर मुलाखतीत ती सांगायची की मी आपल्या माणसांचं खरं रूप रंगवते. ते तिचं वाक्य पेपरांत छापून यायचं. समोर एक वार्ताहर वही उघडून बसलाच होता.

"नाही," ती म्हणाली.

"आणि तोंडातलं ते यंत्र?"

"पुस्तकातलं."

"यांची मूठ तरी खरी आहे का?"

"मूठ खरी आहे. पट्टा रेडिएटरला बांधला होता."

खोलीत हशा पिकला. डेल्फीन लाल झाली नाही, तिचा चेहरा राखेसारखा झाला. वार्ताहर भराभर लिहीत होता. ती खाली बसणार होती, पण बसली नाही. "मिस्टर लुशसनं मोतद्दार मागितला होता," ती हळू म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, नोकर व्हायचं नाही. घोडी कशी धरायची ते त्यांना माहीत होतं. मला राजा हवा होता."

मिस हार्कनेस चटकन म्हणाल्या, "पण ओढलं तर यांनीच ना? सांगितलं की ओढणारा माणूस आहे हा."

लुशस उठला. गुडघा कडकन वाजला. "ओढलं," तो म्हणाला. "त्याची मला शरम आहे, आणि ती तुमच्यापेक्षा मला जास्त आहे, बाई. पण रेडिएटरला तोंड नसतं. जिला आहे ती खाली उभी आहे. जाऊन बघा."

ती खरंच खाली उभी होती. रूबेन तिला दाराशी धरून होता, म्हणजे नुसता शेजारी उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या शिव्या खात होता. पालिकेचे पशुवैद्य, अध्यक्षबाई, मिस हार्कनेस, सगळे उतरले. वैद्यांनी हातमोजे घातले. लुशसनं हनुवटीखाली उघडा तळवा धरला आणि म्हटलं, "दाखव, पोरी." मोलॅसिसनं तोंड उघडलं. वैद्यांनी ओठांचे कोपरे बोटांनी चाचपले, एकदा डावा, एकदा उजवा, मग हिरड्या, मग जीभ. तिथे मऊ गुलाबी कातडं होतं. व्रण नाही, घट्टा नाही.

"वय?" वैद्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"या वयात इतकं स्वच्छ तोंड मी पाहिलेलं नाही," वैद्य म्हणाले, आणि मोलॅसिस त्यांच्या शर्टावर शिंकली. सकाळी खाल्लेल्या पीचचा सगळा लगदा त्यांच्या छातीवर आला. मिस हार्कनेस दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. लुशसनं हातानंच वैद्यांचा शर्ट पुसला.

परवाना राहिला. घोडी राहिली. रूबेन रस्त्यातच नाचला.

लुशस मात्र तसाच. डेल्फीन त्याच्यामागे तबेल्यापर्यंत चालत आली. तो साज उतरवेपर्यंत ती दारात उभी राहिली.

"मी खरं सांगितलं," ती म्हणाली.

"सांगितलंस. विचारल्यावर."

"उद्याच्या पेपरात मी नागडी आहे, मिस्टर लुशस."

"बरं झालं. अंघोळ कर." त्यानं लोखंड पाण्याच्या बादलीत बुडवून धुतलं, फडक्यानं पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. साधी सरळ कांडी, वर रबर गुंडाळलेलं. "हे असतं तिच्या तोंडात. हातात घे. तोंडात घाल म्हणत नाही मी, तो नियम तबेल्यातल्यांना आहे. नुसता वास घे."

तिनं वास घेतला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं लोखंड परत दिलं. मग म्हणाली, "चित्र आता माझं नाही. म्युझियमनं विकत घेतलंय. एक रेघही बदलता येणार नाही. पोस्टरंसुद्धा सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत राहणार."

"सात आहेत माझ्या वाटेवर."

"मी उद्या येऊ का? तुमच्याबरोबर चालायला."

"रस्ता काही माझ्या बापाचा नाही."

ती आली. सकाळी आठला, चपट्या बुटांत, वही न घेता. मोलॅसिसच्या एका बाजूला लुशस, दुसऱ्या बाजूला ती. मिस अर्नस्टीननं दोघांकडे बघितलं, पेपर वाचला होता हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तिनं ओंजळभर भेंडी जास्त घेतली. "चित्र काढायला शिकलीस, आता बघायला शिकतेयस वाटतं," ती डेल्फीनला म्हणाली. डेल्फीननं मान डोलावली.

पुढच्या कोपऱ्यावर बसथांबा. थांब्यावर कुणी नव्हतं. काचेमागे लुशस, दोन पायांवरच्या घोडीवर. मोलॅसिस तिथे कधी थांबत नसे, पण लुशस थांबला म्हणून तीही थांबली.

गाडीच्या मागे नासक्या मालाची बादली टांगलेली असायची. लुशसनं हात घातला आणि एक टोमॅटो काढला, मऊ, एका बाजूनं काळा पडलेला, बोटांतून पाणी गळणारा. चौपन्न वर्षांत त्यानं माल कुणावर फेकला नव्हता.

"घोडीला नको," डेल्फीन पटकन म्हणाली.

"तिला कशाला? तिनं काय केलंय?"

त्यानं डोळा बारीक करून नेम धरला आणि फेकला. टोमॅटो मुठीवर बसला, नेमका मनगटाच्या शिरांवर, फुटला आणि तपकिरी कोटावरून ओघळत गेला. लुशसनं बराच वेळ ते ओघळणं बघितलं. मग बादली डेल्फीनपुढे सरकवली.

पोस्टरच्या तळाशी तिचं नाव होतं, लुशसच्या डोक्याएवढ्या अक्षरांत. तिनं बादलीत हात घातला, अंगावर काटा आला तो दिसला, तरी तिनं हात काढून घेतला नाही. तिनं आपल्या नावावर नेम धरला. टोमॅटो काचेवरून हातभर लांब गेला आणि बाकड्यावर पडला.

"लहानपणापासून तुझा हात असाच," लुशस म्हणाला आणि त्यानं बोटं पँटला पुसली. "चल. अजून सहा थांबे आहेत."